मागाचा चुकलेला ठोका

ते प्रकरण मी विसरलेले नाही, कारण त्यात पहिली चूक माझीच झाली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी विट्याकडच्या एका पोलीस ठाण्यात होते. एक शूटिंगवाला तक्रारी अर्ज घेऊन आला. लग्नाचे शूटिंग करायचे, घरी कॉम्प्युटरवर जोडायचे, हा त्याचा धंदा. त्याची आई उलट्या होऊन दवाखान्यात होती. त्याने मोबाईलवर विधवा भावजयीचा आवाज ऐकवला. मागे यंत्रमाग चालू होता आणि ती सासूला विष घालायचे बोलत होती:

"आत्तीच्या जेवणात इख घालीन. एक दिवस तोंड बंद हुईल."

मी तिला मागाच्या शेडमधून उठवून आणले. केसांत कापसाची पिंज तशीच होती.

"आवाज तुझा का?"

"व्हय, पर मॅडम..."

"पर नको. तुझा का?"

"माझाच हाय."

मी जबाब लिहायला घेतला. गुन्हा दाखल झाला असता तर ती आत गेली असती आणि नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आलेले चार माग दिराच्या हातात गेले असते. हे मला तेव्हाच कळले, म्हणून दिराचाही संशय आला. कुणावर विश्वास ठेवायचा माझा स्वभावच नाही.

मी तो आवाज पुन्हा लावला. माधवनगरात मागावर काम करणाऱ्या बापाची मी मुलगी. धागा तुटला की माग खडखडत मंदावतो आणि मग थांबतो. चालता चालता अर्धा ठोका गिळत नाही. इथे 'घालीन' शब्दानंतर ठोका गिळला होता.

दिराला बसवले. चहा सांगितला.

"मधी माग बंद पडला होता का?"

"न्हाई मॅडम, चालूच हुता."

मी पुढे काही विचारले नाही. म्हटले, "आमच्या भाचीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये नवऱ्याचा मामाच दिसत नाही. लय भांडण झालं."

तो खुशीत आला. "आमच्याकडं आसलं चालत न्हाई. कापायचं ते कापतो, पर मूळचं कायबी टाकत न्हाई. कवा कुणाचा मामा भांडत येईल, काय नेम!"

"आणि हा आवाज कुठल्या कॉम्प्युटरवर कापला?"

त्याने कप खाली ठेवला.

दोन पंचांसमोर कॉम्प्युटर जप्त केला. मूळ आवाज त्यातच होता. लग्नांच्या ढिगात, सवयीने जपलेला. पंचांनी पुरा ऐकला:

"आत्तीच्या जेवणात इख घालीन, आसं माझ्या नावानं पावण्यांत सांगत फिरताय व्हय? माग पायजेत म्हणून? देव बघतोय. एक दिवस तोंड बंद हुईल तुमचं."

कॉम्प्युटरवर मधला तुकडा आणि शेवटचा एक शब्द निवडायचा आणि बटण दाबायचे. एवढेच काम. सासूच्या तपासणीतही पुढे विष निघाले नाही. खोट्या पुराव्याबद्दल दिरावर गुन्हा दाखल झाला.

त्या संध्याकाळी जाताना भावजय दारात थांबली. आभार मानेल असे मला वाटले.

"त्यांनी मशीनवर कापलं," ती म्हणाली. "तुमी तर तोंडावर कापलं, मॅडम. पुरं बोलू कुठं दिलं?"

मी म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

ती शेडकडे गेली. तिचे माग सकाळपासून बंद होते.

त्यानंतर जेमतेम वर्षभर नोकरी उरली होती. तेवढ्यात जे जबाब घेतले, त्यांत 'पर' शब्दावर कुणालाही थांबवले नाही.