पापडाचा करार

माझ्या सुनेने मोबाइलवर पापडाचा करार उघडला. शहरातल्या दुकानदाराने लिहिले होते, बारा महिने दर आठवड्याला माल द्या, नाहीतर करार रद्द.

"पावसाळ्यात पापड काय त्याच्या टेबलावर वाळवू? लिही तिथंच," मी म्हटले.

"आई, असं कसं लिहू?"

"असंच."

तिने कराराच्या कडेला तसेच लिहिले; तोच करार दुकानदारालाही त्याच्या मोबाइलवर दिसत होता. थोड्या वेळाने स्क्रीनवर दुकानदाराचे नाव उमटले, आमच्या डोळ्यांदेखत बारा महिन्यांची ओळ खोडली गेली आणि नवी आली: पावसाळ्याचे चार महिने सूट.

आजवर कागद पक्का होऊनच यायचा, आम्ही फक्त सही करायची. ओला कागद मी पहिल्यांदा पाहिला. पापडही ओला असतानाच सरळ करता येतो.

सुनेला म्हटले, "आता पुढची ओळ वाच."