बॅटरीवरचं कुंकू

दादाला दोघांनी खांद्याला धरून शेतातून आणलं, तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. सकाळपासून कपाशीवर फवारणी चालली होती, आणि वारा उलटा फिरला तरी दादा थांबला नाही. हजारदा सांगितलं होतं, तोंडाला फडकं बांधत जा. ऐकेल तर शपथ! "मले दिसून नाई राह्यलं रे," तो म्हणाला आणि ओट्यापाशीच ओकला.

वहिनीने त्याचा औषधाने भिजलेला सदरा ओढून काढला, अंगावर बादलीभर पाणी ओतलं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, यायला वेळ लागेल, फोनवर म्हणाले. जीपवाले सगळे दारव्ह्याच्या बाजारात. मोटारसायकलवर त्याला बसताच येईना. उरला आमचा जुना पिकअप. मागे ताडपत्री टाकून दादाला कुशीवर निजवला, वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी चावी फिरवली.

टक्. बस, एवढंच. समोरचे दिवे विझले. चावी मागे घेतली की दिवे पुन्हा हजर.

"बॅटरी गेली," दादाला आणणाऱ्यांपैकी एक म्हणाला.

मी हॉर्न दाबला, तर असा खणखणीत वाजला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मेलेली बॅटरी अशी बोंबलते काय? मग धक्का मारून पाहिला. दोघं जीव खाऊन ढकलत होते, पण मागची चाकं काळ्या मातीत बसलेली, गाडी तसूभर हलली नाही. गाडीखाली शिरलो, स्टार्टरवर पान्याने ठोकलं. पुन्हा टक्. मी गाडीला नको नको त्या शिव्या घातल्या. वरून दादाच्या घशाची घरघर ऐकू येत होती.

"भाऊजी, लवकर करा हो!" वहिनी ओरडली.

"करूनच राह्यलो ना!" मीही तिच्यावर खेकसलो.

मग डोकं जरा ठिकाणावर आणलं. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरीत करंट आहे. स्टार्टर जास्त मागतो, तेव्हाच सगळं विझतं. म्हणजे मधेच कुठंतरी अडतोय. एकाला चावी फिरवत ठेवायला सांगितलं आणि बॉनेट उघडून, जिथे वायरी जोडतात ती बॅटरीची दोन्ही टर्मिनल बोटाने चाचपली. एक थंडगार. दुसऱ्याला बोट लागताच हात मागे ओढला, असा चटका. सापडलं!

पण त्या टर्मिनलवर कुंकू होतं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना वहिनीने विचारलं होतं, "भाऊजी, गाडीचा जीव कुठं असते?" मी हसत बॅटरी दाखवली होती. तिने तिथे मनापासून हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर नारळाचं पाणीही शिंपडलं. आता त्या सगळ्याची घट्ट खपली झाली होती आणि तिच्याखालून हिरवट बुरशीसारखं काही बाहेर आलं होतं.

पाना लावून वायरीचा क्लॅम्प सोडवला, विळा घेतला, आणि हात थांबला. वहिनी मागून बघत होती. तिचा नवरा तिच्या मांडीवर तडफडतोय, आणि मी तिच्या देखत तिने वाहिलेलं कुंकू खरवडायचं?

तिला कळलं. दादाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर देऊन ती खाली उतरली आणि तिने माझ्या हातातला विळा हिसकावला.

"कुंकू काय घेऊन बसले! कुंकवाचा धनी तिकडं जाऊन राह्यला!"

आणि ती खरवडू लागली. लाल पापुद्रे उडत होते, घाम डोळ्यांत जात होता, ती मनगटाने कपाळ पुसायची आणि पुन्हा खरवडायची. खाली शिसं चकाकलं तेव्हाच थांबली. मी क्लॅम्प आतून घासला, आवळला, धावत जाऊन चावी फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. वहिनी पुन्हा मागे चढून बसली, मी पहिला गिअर टाकला, त्या दोघांनी खाली उतरून मागून रेटली, चिखल उडाला आणि आम्ही सुटलो. दारव्ह्याच्या दवाखान्यापर्यंत मी एकदाही इंजिन बंद पडू दिलं नाही. वहिनी मागून सारखी दादाला हाका मारत होती, आणि तिची हाक ऐकू येईनाशी झाली की मी गाडी आणखी दामटायचो.

डॉक्टरांनी लगेच सुया लावल्या. "वेळेत आणलं," ते म्हणाले, पण डोळ्यांचं काही सांगेनात. रात्र तशीच गेली. वहिनी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभीच होती, बस म्हटलं तरी बसेना, रडेही ना.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर दादाने डोळे उघडले. किलकिले करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "तुह्या कपाळावर कुंकू काहून नाई वो?"

वहिनीचा हात कपाळाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं. ती खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

"दिसलं तुमाले?" ती म्हणाली. "दिसलं?"