पंगतीतले चेहरे आणि दोन डिस्कांचा डबा

फोटोवाल्यांचे किस्से लग्नातलेच असणार, असं लोकांना वाटतं. नवरदेव घोड्यावरून पडला, वरमाय रुसून गाडीत जाऊन बसली, असलं काही ऐकायला मिळेल म्हणून मित्र आमच्या भालकीच्या दुकानात चहाला टेकतात. तसलंही घडतं, पण पुढच्या लग्नापर्यंत ते कुणाच्या लक्षात राहत नाही. साचत जातं ते लग्नानंतरचं. कुणीतरी जातं आणि त्याची माणसं आमच्या काउंटरशी येऊन उभी राहतात. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून हे किस्से टिकले. फोटो टिकवणं मात्र फार अवघड गेलं.

दुकान मी बघतो आणि मागच्या घरात कॉम्प्युटरवर अल्बम जुळवतो. कॅमेरा माझ्या भागीदाराकडं, मल्लूअण्णाकडं.

*

डिजिटल कॅमेरा नवा होता तेव्हाची गोष्ट. हुलसूरकडचा एक माणूस वडिलांचा फोटो मोठा करून मागायला आला. हार घालायचा होता. मी म्हणालो, आणा फोटो.

"तुमच्याकडंच हाय की. सुभाषच्या लग्नात पंगतीला बसले होते."

आमच्या खेड्यांत कित्येक माणसं स्वतःसाठी म्हणून कॅमेऱ्यासमोर कधी उभीच राहिलेली नसतात. ती सापडतात दुसऱ्याच्या लग्नात, पंगतीत, मांडवाच्या खांबाला टेकलेली. अल्बममध्ये नवरा-नवरी आणि व्याही जातात, बाकीचे आमच्याकडं पडून राहतात. आम्ही ते पुसून टाकायचो. सुभाषचं लग्न नशिबानं पुसायचं राहिलं होतं.

म्हातारा सापडला, पण गालात लाडू होता. मल्लूअण्णा माउस धरून तो गाल सपाट करायला लागला, तसा त्या माणसानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या अण्णा. उपाशी गेला म्हणणार न्हाई कुणी."

त्या दिवसापासून आम्ही पंगती पुसणं बंद केलं.

*

मग ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला. आम्ही प्रत्येक लग्नाच्या दोन सीड्या करायचो. एक आमच्या कपाटात, दुसरी लग्नघरी. आमची खराब झाली तर त्यांची आहेच, असा हिशोब.

एका उन्हाळ्यानंतर आमची एक सीडी कॉम्प्युटर उघडेना. वरचा चमकता थर पापुद्र्यासारखा सुटत होता. त्या लग्नातला एक काका नुकताच वारला होता आणि त्याच्या बायकोला फोटो हवा होता. मल्लूअण्णा लग्नघरी गेला. ते म्हणाले, सीडी हाय की, चला. आणि त्याला ज्वारीच्या शेतात घेऊन गेले. सीडी दोरीनं काठीला बांधून कणसांवर टांगली होती. उन्हात चमकत होती आणि वाऱ्यानं काठीवर घासत होती.

"लई कामाची वस्तू दिलाव," घरधनी म्हणाला. "एक पाखरू बसंना."

*

त्यावर आम्ही एक मोठी हार्ड डिस्क घेतली आणि सीड्या सोडून नव्या पंगती तिच्यातच भरायला लागलो. तिसऱ्या वर्षी एका दुपारी लाइट गेली आणि परत आली ती जोरात आली. पंखा जळाला. डिस्क आतून टक टक करायला लागली.

बिदरला रफीकभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी डिस्क कानाला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि परत माझ्या हातात दिली.

"इसमें अब कोई नहीं रहता, भाई."

हैदराबादच्या एका जाणकाराकडंही पाठवून बघितली. त्यानं ती तशीच परत पाठवली.

त्याच महिन्यात पारूबाई आली. तिचा नवरा गोविंद मेंढरं विकून हैदराबादला बांधकामावर गेला होता. तिथं स्लॅबवरून पडला. मुकादमानं तिथंच उरकून टाकलं आणि गावाकडं नुसते कपडे पाठवले. पारूबाई तेव्हा पोटुशी होती. आली तेव्हा पोरगी पदराखाली होती. गोविंदचा जन्मात एकच फोटो निघाला होता, चुलतभावाच्या लग्नात वरण वाढताना. तो फक्त त्या डिस्कमध्ये होता.

मी तिला जमेल तसं समजावून सांगितलं. तिनं ती डिस्क हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली.

"हिला इचारील तवा काय दावू?" ती म्हणाली. "माझ्या एकटीच्याच डोळ्यात हायत ते."

*

यानंतर मी महिनाभर नुसती चौकशी करत होतो. रफीकभाई म्हणाले, आता दोन डिस्कांचा डबा घ्या. तो वायरीनं घरातल्या नेटवर्कला जोडायचा, म्हणजे दुकानातला आणि घरातला दोन्ही कॉम्प्युटर फोटो त्याच्यातच ठेवतील. जे एका डिस्कवर लिहिलं जाईल तेच त्याच वेळी दुसरीवरही.

मल्लूअण्णा म्हणाला, म्हणजे एक मेली की दुसरी संसार बघणार.

"मगर दोनों एकच दुकान से नक्को लेओ," रफीकभाई म्हणाले. एका खेपेला बनलेल्या डिस्का बऱ्याचदा एका खेपेला जातात, हे त्यांनी बघितलं होतं. म्हणून एक बिदरची घेतली, एक हैदराबादची. डब्याला बॅटरी वेगळी, म्हणजे लाइटचा धक्का बसायला नको.

मी विचारलं, आता बिनघोर का?

"ये हिफाजत नहीं, मोहलत है." एक गेली की रडत बसायचं नाही, दुसरी आहे तोवर नवी आणून बसवायची. हातानं पुसलेलं मात्र दोन्हीकडून पुसलं जातं, आणि घराला आग लागली तर दोन्ही एकदमच जळतात. तेव्हा तिसरी प्रत दुसऱ्या गावात हवीच.

*

दुसरं गाव म्हणजे कमठाणा. तिथं माझी थोरली बहीण असते, सुमनअक्का. तिसऱ्या प्रतीची डिस्क फडक्यात गुंडाळून मी तिच्याकडं दिली. कोरड्या जागी ठेव, पोरांना हात लावू देऊ नको. आत काय आहे, असं तिनं विचारलं, तेही सांगितलं.

काही महिन्यांनी नवे फोटो भरायला गेलो तर डिस्क देव्हाऱ्यात होती. वर हळद, कुंकू, अक्षता. वायर खुपसायच्या भोकात हळद गच्च बसली होती. मी काडीनं उकरायला लागलो आणि तिच्यावर ओरडलो.

"तूच म्हणलास की, ह्यात समदी गेलेली माणसं हायत," अक्का म्हणाली. "मंग कोरडीच ठिवू का?"

*

एक बाप आला. पोरगी मनाविरुद्ध लग्न करून पुण्याला निघून गेली होती. थोरलीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंतून धाकटीला काढून टाका म्हणाला. अल्बममधून आम्ही काढलं. आमच्याकडचं पण पुसा, म्हणाला. मल्लूअण्णा बरं म्हणाला आणि पुसलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो परत आला. छत्री मिटवत इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, खरंच पुसलाव का? मल्लूअण्णा म्हणाला, न्हाई.

"बरं केलाव," म्हणाला, आणि न बघताच निघून गेला.

*

डबा आला, कपाटातल्या जुन्या सीड्यांतलं उघडलं तेवढं आम्ही त्याच्यात भरलं, तशी पारूबाई बाजाराच्या दिवशी यायला लागली. आणखी कुणाच्या तरी लग्नात गोविंद कुठं कोपऱ्यात सापडेल, अशी तिला आशा होती. ती स्टुलावर बसायची, पोरगी मांडीवर, आणि मी एकेका गावची पंगत उघडत जायचो. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढं. असं करता करता पोरगी चालायला लागली, बोलायला लागली.

एके दिवशी चिंताकीच्या लग्नातल्या एका माणसावर पारूबाईनं बोट ठेवलं. डोक्याला पटका, भरघोस मिशा, वाढप्याकडं मान वर करून बघणारा.

"ह्येच."

मला इतका आनंद झाला की मी मल्लूअण्णाला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं आणि तिच्याकडं वळला.

"पारूअक्का, ह्ये मारुतीमामा हायत, चिंताकीचे. जिते हायत. परवाच हितं चहा पिऊन गेले."

"ह्ये ते न्हाईत, मला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "कपाळ, नाक, मिशी समदं त्येंचंच हाय. हात तेवढे येगळे. हात दिसू देऊ नका."

मी नको म्हणालो. जित्या माणसाला हार घालायचा म्हणजे काय? मल्लूअण्णानं माझं ऐकलं नाही. त्यानं खांद्याच्या वर कापून, मोठा करून दिला. डब्यात आम्ही प्रत्येक फोटो गावाच्या आणि माणसाच्या नावानं ठेवतो. तो कुणाच्या नावावर ठेवावा ते मला कळेना, म्हणून बिननावाचाच राहिला.

ही गोष्ट लपणारी नव्हती. कुणीतरी सोयरा पारूबाईच्या घरी जाऊन आला आणि चिंताकीला पोचवलं. मारुतीमामा दुकानात आले. रागावले आहेत की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. एवढंच म्हणाले, ते घर दाखव.

मी बरोबर गेलो. भिंतीवर मारुतीमामा, गळ्यात झेंडूचा हार, खाली उदबत्ती. खुद्द मारुतीमामा त्याच भिंतीला टेकून घोंगडीवर बसले. पारूबाई पदर ओढून आतल्या दारात उभी. पोरीनं दोन्ही हातांत तांब्या धरून पाणी आणलं. ते पाणी पीत होते तोवर ती त्यांच्याकडं बघत होती, मग भिंतीकडं, मग परत त्यांच्याकडं. येताना बसमध्ये मामांनी उपरण्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं होतं.

पुढच्या बाजाराला ते परत आले. मिशी साफ काढलेली. मल्लूअण्णा दचकला.

"मामा, घरात कुणी गेलं का?"

"न्हाई. समदे बरे हायत."

ते आत, फोटो काढायच्या पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसले आणि पटका सारखा केला.

"त्यो फोटो तिकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "आता काढा. ह्यो माझा."