टोपीवाला दरीत पडायचा तेव्हा

माझ्या उजव्या अंगठ्यावर आमच्या घरात कोणाचाच भरवसा नाही. दिसायला तो बरा आहे. लाखनीच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर कागद उलटतो, पानाला चुना लावतो. पण नेमक्या वेळेला काही दाबायचं काम निघालं, की हा जागीच बसतो. मी उगाच नम्रपणा करतोय असं समजू नका. याला गावभर साक्षीदार आहेत.

माझे वडील, म्हणजे आमचे बाबूजी, शंकरपटात घडी, म्हणजे बटणाचं स्टॉपवॉच, धरायचे. धान कापून, चुरून घरात आलं की आमच्याकडे गावोगावी बैलांचे पट भरतात. इकडच्या पटात एकेक जोडी वेगळी धावते आणि कोणाला किती वेळ लागला यावर निकाल ठरतो. म्हणून घडी धरणारा माणूस पक्का लागतो. तिकडे झेंडी पडली की बटण दाबायचं, इकडे बैलांनी शेवटची रेषा ओलांडली की परत दाबायचं. मधे डोळा लवला तर कोणीतरी वर्षभर बैलांना खाऊ घातलेलं पाण्यात. बाबूजी लोखंडी खुर्चीवर ताठ बसत, गळ्यात मफलर, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा. पटावर ते कधी हसत नसत. घडीवाला हसला की लोक म्हणतात, याच्या मनात कोणाची तरी जोडी बसली. अड्याळकडच्या माझ्या सख्ख्या मामाची जोडी एकदा केसभराने मागे पडली. बाबूजींनी जो आकडा होता तो सांगितला, आणि मामा पुढची काही वर्षं पोळ्याला आमच्या दारात आला नाही.

त्यांना फसवणंही कठीण. एका धुरकऱ्याने, म्हणजे बैल हाकणाऱ्याने, हलक्या, म्हणजे संथ जोड्यांच्या गटात जागा मिळावी म्हणून रेषेजवळ बैल हळूच आवरले. बघणाऱ्या हजार माणसांना काही कळलं नाही. बाबूजी घडीवरून नजर न उचलता म्हणाले, "दोर ओढला यानं. उतरव त्याले खाली."

अशा माणसाचा मुलगा म्हणून तरुणपणी एकदा मोठ्या कौतुकाने माझ्या हातात घडी दिली गेली. जोडी आली, रेषा ओलांडली, लोकांतून वाट काढत पलीकडच्या धानाच्या बांधीत जाऊन उभी राहिली, तेव्हा माझा अंगठा खाली गेला. बैलांचा मालक हात जोडून म्हणाला, "याले घडी कायले देता, भाऊ? कॅलेंडर द्या!" बाबूजींनी माझ्या हातातून घडी काढून घेतली, आणि तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

नंतर त्यांचं वय झालं, घडी दुसऱ्याकडे गेली, आणि दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत त्यांना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. राहिला एकच शब्द, 'हाव'. हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'. भूक लागली का? हाव. नाही लागली? हाव. नाही म्हणायचं असलं तरी हाव, फक्त डोळे वेगळे. काही दिवसांनी तेही बंद झालं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

भंडाऱ्याहून एक ताई त्यांच्या हातापायांचा व्यायाम करवून घ्यायला येत. त्या मला अंगणात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्यांचा आवाज निघू द्या. बोलले नाही तर गाऊ द्या, हसू द्या, रडले तरी चालेल. पण गप्प नका बसू देऊ. एकदा सवय मोडली की मग कठीण जातं."

म्हणजे माझ्यापुढे काम एवढंच होतं. बाबूजींच्या तोंडून काहीतरी निघालं पाहिजे. मी आणि बायकोने मिळून सगळे उपाय केले. भजनं लावली. मामाची निंदा केली. जुन्या पटांच्या गोष्टी मुद्दाम चुकीच्या सांगितल्या, की निदान चिडतील. बाबूजी भिंत बघत राहिले.

त्याच सुमारास मुलगी नागपूरहून कॉलेजच्या सुट्टीत आली. तिच्यासोबत एक काळं खोकं होतं, टीव्हीला जोडायचं, गेम खेळायचं. टीव्ही बाबूजींच्या खोलीत, म्हणून खेळ तिथेच सुरू झाला. कोणी एक टोपीवाला तरुण बर्फाच्या डोंगरात काहीतरी शोधत फिरतो, असा तो गेम. तिने मला ओढून बसवलं. "बाबा, तुम्ही खेळून पाहा ना. इतकं काही कठीण नाही."

"हे रिमोट उलटं आहे का?"

"कंट्रोलर आहे तो. आणि सुलटाच आहे. तुम्ही उलटे बसले."

चालणं-पळणं मला जमलं. पण मधेच तो गेम सिनेमा होतो. आपण हात सोडून निवांत बघत असतो, आणि अचानक पडद्यावर एक खूण चमकते: त्रिकोण, गोल, फुली नाहीतर चौकोन. डोळ्याचं पातं लवायच्या आत हातातलं तेच बटण दाबलं तर टोपीवाला पुढे जातो. नाही दाबलं तर जे होतं ते होतं.

माझी अडचण दुहेरी भिंगाच्या चष्म्याची. पडद्यावरचा त्रिकोण बघायला मान खाली, हातातला त्रिकोण शोधायला मान वर. तो सापडेपर्यंत मी "समोसा, समोसा, समोसा कुठं गेला?" असं ओरडत अर्धा उठलेलो असे.

पहिल्याच दिवशी तो प्रसंग आला. टोपीवाल्याचा म्हातारा वाटाड्या कड्याच्या टोकावर शेवटच्या घटका मोजतोय. सारंगीसारखं काहीतरी रडतंय. म्हातारा थरथरत्या हाताने गळ्यातला ताईत काढून पुढे करतो. पडद्यावर त्रिकोण चमकला. मी मान खाली केली, वर केली, आणि दाबलं ते चौकोन, तेही उशिरा. टोपीवाल्याने ताईत घ्यायला उचललेला हात थेट म्हाताऱ्याच्या नाकावर बसला. म्हातारा तसाच गंभीरपणे बोलत बोलत मागे कलंडला आणि दरीत निघाला. त्याच्या कमरेच्या दोरीत टोपीवाल्याचा पाय. तोही गेला. मागून टोपी गेली, सावकाश, तरंगत. सारंगी चालूच.

मुलीने कपाळावर हात मारला. "अहो बाबा! मरणाऱ्या माणसाले कोणी बुक्की मारते का?"

आणि मागून एक आवाज आला. विहिरीवरचा गंजलेला रहाट पहिल्यांदा फिरवला की येतो तसा. बायको पोळपाट-लाटण्यासकट धावत आली, तिला वाटलं घास अडकला. बाबूजी हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, डावं; लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पटाच्या खुर्चीवर आयुष्यभर दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम निघावं तसे ते हसत होते. मी कंट्रोलर हातात धरून उभाच.

बायकोने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बसता काहून नाही? पाडा ना त्याले अजून!"

गेमची एक गोष्ट चांगली. पडला, मेला, तरी टोपीवाला परत त्याच जागी उभा राहतो. म्हातारा परत ताईत पुढे करतो. मग रोज दिवेलागणीला, दुकान बंद करून आलो की आमच्या घरी म्हाताऱ्याची बुक्की सुरू. शेजारच्या बाया लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचं ताट हातात घेऊन दारात उभ्या राहून बघत. "भाऊजी, आज कितीदा लोटला?" अशी माझी चौकशी होई. चौकात लोक खोकला थांबला का विचारावं तसं विचारत, "पडला का?" आयुष्यात प्रथमच माझ्या अंगठ्याची गावाला गरज होती.

बाबूजी आता भिंतीकडे बघत नसत. पाठीशी लोड घेऊन बसत. हळूहळू ते हसण्याच्याही पुढे गेले. खूण चमकली की डावा अंगठा उचलून म्हणत, "हाव!" आणि तो 'हाव' अचूक असे. ताईंनी बघितलं तेव्हा त्यांनाही आनंद झाला. "शब्द वेळेवर येऊन राहिला आहे," त्या म्हणाल्या. "हेच तर पाहिजे होतं."

पण रोज खेळून खेळून एक भलतीच गोष्ट झाली. मला जमायला लागलं. समोसा कुठे आहे हे अंगठ्याला कळलं. म्हातारा ताईत देऊन सुखाने मरू लागला. टोपीवाला रडून, डोळे पुसून पुढच्या पुलावर निघू लागला. आणि खोलीत शांतता.

मग मी डोकं चालवलं. त्रिकोण चमकल्यावर मनात एक श्वास थांबलो आणि मग दाबलं. फार नाही, नेहमीइतकाच उशीर. मानही नेहमीसारखी खालीवर केली, "समोसा" म्हणूनही ओरडलो. म्हाताऱ्याला बुक्की बसली, टोपी तरंगत गेली, शेजारणी खदखदल्या. बाबूजी नाही हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा तोच, लोखंडी खुर्चीवरचा. मग हळूच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलगी आजोबांना आबाजी म्हणते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आबाजीनं पकडलं तुम्हाले."

एका श्वासाचा फरक, तोही चार फुटांवरून. मला लाज वाटली आणि खरं सांगतो, छातीत काहीतरी हलकंही झालं. माणूस अजून आत जसाच्या तसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "बाबूजी, चुकलं. आता तुम्ही सांगा, मी दाबतो. माझं डोकं मधे नाही." त्यांनी तोंड भिंतीकडून माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "हाव."

तो हिवाळा आमचा असा गेला. ते 'हाव' म्हणत आणि मी दाबत असे. आम्ही दोघांनी मिळून टोपीवाल्याला झुलता पूल पार करवला, गोठलेल्या तळ्यावरून नेला, लांडग्यांतून काढला. हसण्याचं प्रमाण कमी झालं, कधीमधी मीच गोंधळलो तर. पण पूल पार झाला की ते मान एकदाच खाली करत, पटावर एखादी जोडी खरंच छान पळाली की करायचे तशी. त्यांनी माझ्यासाठी ती मान आधी कधी केलेली मला आठवत नाही. मुलगी परत नागपूरला गेली, खोकं मुद्दाम इथेच ठेवून. सुट्टी मिळाली की यायची.

होळीच्या आधी एका सकाळी बाबूजींच्या डाव्या हातातून चमचा पडला. तो हात तर चांगला होता. आम्ही त्यांना भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक लहानसा झटका येऊन गेला आहे, असे आणखी येत राहतील, घरीच सांभाळा. मुलगी त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने आली.

घरी आल्यावर दोन दिवसांनी बाबूजींनी टीव्हीकडे बोट केलं. "हाव, हाव." आम्ही झुलत्या पुलाचा प्रसंग लावला, त्यांना तो आवडायचा. फळी मोडली. गोल चमकला. मी अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिलो. गोल विझला. टोपीवाला एका हाताने लटकला, पुलाच्या दोरीने त्याला गरागरा फिरवलं आणि उलटा करून सोडलं. तो खाली पोचला, पाण्याचा आवाज झाला. पडदा काळा झाला. आणि मग बाबूजींचा अंगठा थोडासा वर आला.

"हाव."

मुलगी पडद्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही आपल्या मनानं दाबा."

पुढच्या वेळी मी दाबलं. टोपीवाला झकास उडी मारून पलीकडे गेला, चालू लागला. आणि तो बराच पुढे गेल्यावर, मोकळ्या बर्फावर, जिथे काहीच दाबायची गरज नव्हती अशा ठिकाणी बाबूजींचा 'हाव' आला. त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. खूप वेळ बघत होते.

ते मला परत बघवलं नसतं. म्हणून मी परत पहिला प्रसंग लावला, म्हाताऱ्याचा. खूण आली तशी मी मान खाली केली, वर केली. "समोसा!" म्हटलं. यावेळी मला धड सोंगही आणता आलं नाही. आवाज फाटला. कंट्रोलर तर मी मांडीवर ठेवून दिला होता, दोन्ही हात मोकळे, सगळ्यांना दिसत होते. खूण तशीच विझली. म्हाताऱ्याला बुक्की बसली. दोघे दरीत गेले, टोपी मागून गेली. मी मान वळवून बाबूजींकडे बघितलं. आता ते तोंड फिरवतील, याची मी वाट बघत होतो. फिरवावं म्हणून मनातून विनवत होतो.

ते हसले. मोठ्याने, पोट धरून, पहिल्या दिवशी हसले होते तसे. लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. दारात बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. ती नाही हसली. मुलगी उठून घरामागच्या सांदवाडीकडे गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पडद्यावर म्हातारा परत उभा राहिला.

"बाबूजी, अजून पाडू का?" मी विचारलं.