एकोणिसावा तुकडा कुणी वाजवला

रोवेना कामावरून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बापाला नव्या तबकड्यांवरची लोकांची मतं संगणकावरून वाचून दाखवी. एल्डन क्रेब्सला कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एवढं तरी दिसतंय म्हणायचं.

"एक जण म्हणतो, शिळ्या कढीला ऊत आणलाय. चाळीस मिनिटांची जुनी तबकडी पुरेशी होती."

"खोटं नाही बोलत तो. पुढे वाच."

"दुसरा म्हणतो, व्हायोलिनांच्या मागे फितीची खरखर येते. तिसरा भांडतोय की तेरावा तुकडा बाराव्याच्या आधी हवा होता, सिनेमात तसाच आहे. त्यावरच छत्तीस जण भांडतायत, डॅड. या लोकांना घरदार नाही का?"

एल्डन हसला. बरबँकपासून व्हॅन नाइजपर्यंत सिनेमांच्या स्टुडिओंत वाजवून म्हातारी झालेली एल्डनसारखी माणसं या शौकिनांना नावं ठेवत, आणि त्यांनी काय लिहिलं ते चोरून वाचत. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या दीपगृहाच्या सिनेमाचं संगीत आता दोन तबकड्यांवर सगळंच्या सगळं निघालं होतं. त्यात एकोणिसावा तुकडा होता. रखवालदार जिना उतरतो तो प्रसंग सिनेमातून कापला गेला आणि त्याबरोबर बास क्लॅरिनेटची चार मिनिटंही गेली होती. आयुष्यात आपण चांगलं वाजवलं ते एवढंच, असं एल्डन घरात शंभरदा सांगून चुकला होता.

"एकोणिसाव्यावर आहे बघा," रोवेना म्हणाली. "'ऐकताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेवटच्या ओळीआधी वाजवणारा श्वास घेतो, तो ऐका. मर्विन टॅगर्ट, तुम्ही जिथे असाल तिथे सलाम.'"

तबकड्यांसोबतच्या पुस्तिकेत मर्विनचंच नाव होतं. तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या माणसांनी वादकांच्या युनियनची जुनी हजेरीपत्रकं धुंडाळून नव्वद वादकांची नावं तारखांसकट छापली होती. एवढी मेहनत कुणी घेत नाही, आणि त्या मेहनतीनेच एल्डनचा घात केला.

त्या काळी खुर्ची रिकामी राहिली की त्या माणसाला पुन्हा बोलावणं येत नसे. त्या दिवशी मर्विन सकाळी नऊलाच एका बारमधून फोनवर बरळत होता, 'माझ्या खुर्चीवर जाऊन बस, नाहीतर मी संपलो.' एल्डन गेला. हजेरी घेणाऱ्याने चेहरा पाहिला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि कागद पुढे केला. एल्डनने त्यावर मर्विनचं नाव लिहिलं. क्लॅरिनेटच्या भोकावर बसणारी एक गादी चिकटत होती, तिच्याखाली सिगारेटचा कागद दाबून त्याने ती चार मिनिटं वाजवली. मित्रासाठी केलं, त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि फार वाटलं.

"लिही," तो म्हणाला. "त्या दिवशी टॅगर्ट आला नव्हता. मी वाजवलं. नाव घाल माझं."

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. पुरावा काय? पुस्तिका खोटी का? एकाने लिहिलं होतं, 'बरबँकमधला प्रत्येक म्हातारा सांगतो की ते मीच वाजवलं.' रोवेना संतापली. "मी यांना चांगली सुनावते. लहानपणापासून ऐकतेय मी ती गोष्ट." तिचा विश्वास होता, म्हणून त्याला तेवढं लागलं नाही.

गुरुवारी दुपारी, रोवेना कामावर असताना, ओपल आली. मर्विनची बायको. मर्विनला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत तिच्या घराच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो नव्हता. तिने पीचचा केक आणला होता. ती बसली, पण कोट काढला नाही.

"भाच्याने तबकडी आणून दिली मला," ती म्हणाली. "सतरा ऑक्टोबर. पुस्तिकेत छापलंय, एल्डन. तुला आठवतं का त्या दिवशी काय झालं?"

जन्मलं त्याच दिवशी गेलेलं त्यांचं मूल एल्डनला आठवत होतं. तारीख त्याने कधी जुळवून पाहिली नव्हती. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात त्या दिवसाचं फक्त आपलं वाजवणं होतं, आणि याची त्याला आता लाज वाटली.

"सहा तास जगली ती. मी एकटी होते. हा संध्याकाळी आला, म्हणाला रेकॉर्डिंग होतं. तोंडाला वास येत होता. मी म्हटलं, दारू ढोसत बसला असशील. तो मरेपर्यंत मी त्याला तेच ऐकवलं." तिने नाक पुसलं. "आणि तो खरंच वाजवत होता रे. काल फोटो लावला मी. तू तर तिथलाच. तू सांग मला, तो होता ना?"

केक कापायला सुरी शोधायचं निमित्त करून एल्डन उठला, आणि सुरी त्याला दिसली नाही.

"होता," तो ओट्याकडे तोंड करून म्हणाला. "मी बाहेर थांबलो होतो. दारातून ऐकलं. तसं मला नसतं जमलं."

ओपलने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनसोक्त रडली.

संध्याकाळी रोवेना आल्यावर त्याने तिला पुन्हा लिहायला बसवलं. "लिही, माझी चूक झाली. तो तुकडा मर्विन टॅगर्टनेच वाजवला. वयामुळे घोटाळा झाला. क्रेब्स."

टायपिंगचा आवाज थांबला. "डॅड, हे काय? लोकांना भ्यालात?"

"नाही. मर्विनच होता तो."

"मग आजवर आम्हाला सांगत आलात ते?"

ओपलसाठी खोटं बोललो हे सांगितलं असतं, तर ते ओपलपर्यंत पोचवायला रोवेनाला आठवडाही लागला नसता. तिच्या पोटात काही राहत नसे. "पाठव ते," तो म्हणाला.

रोवेनाने वाक्य पुरं केलं, पाठवलं. पहिलं उत्तर लगेच आलं, ते तिने वाचलं: 'बिचारे आजोबा. सांभाळून घ्या त्यांना.' मग तिने संगणक मिटला आणि त्याचा हात हातात घेतला. लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, "असू दे हं, डॅड. होतं असं या वयात. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेते मी."

"घे," एल्डन म्हणाला.