एन्क्रिप्शन चालू नाही, सर

नाशिकमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सुरक्षा तपासणीचं काम करते. आमची एक प्रणाली एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट सांभाळते. ती क्लाउडवर, कंटेनरच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक सर्व्हरवर चालते आणि तिला लागणारे सगळे पासवर्ड तिथेच एका जागी साठवलेले असतात. ते एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, आहेत असं मी सांगितल्याशिवाय प्रणाली लॅबच्या ताब्यात द्यायची नाही, असा नियम.

मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, सोमवारी द्यायचंय. तुमचं तेवढं ओके टाका."

"तपासते आणि टाकते."

"त्यात काय तपासायचं? अगम्य अक्षरं दिसतात की. कोणाला वाचता येणारेत?"

मी त्यांच्यासमोरच क्लस्टरचा बॅकअप उघडला. त्यातली एक अगम्य ओळ उचलून साधी कमांड दिली. डेटाबेसचा पासवर्ड स्क्रीनवर आला, अगदी सरळ. अक्षरं फक्त वेगळ्या पद्धतीने लिहिली होती. कुलूप कुठेच नव्हतं.

ते खुर्ची ओढून बसले. "पुढच्या महिन्यात करून टाकू. आत्ता ॲडजस्ट करा."

या लॅबच्या पंचवटीतल्या ज्या शाखेत माझ्या आईचं रक्त तपासतात, तिथले रिपोर्टही यातच जाणार होते. आईचे नसते तरी मी तेच म्हटलं असतं.

"नाही करणार."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टरबाई मीटिंगला आल्या. त्यांनी विचारलं, "पासवर्ड सुरक्षित आहेत ना?" मॅनेजर "हो" म्हणाले. मी मॅनेजरकडे बघून म्हटलं, "नाही. एन्क्रिप्शन चालू नाही, सर." डॉक्टरबाईंनी लॅपटॉप मिटला. "मग सोमवार विसरा," म्हणाल्या.

प्रणाली बनवणाऱ्या टीमने चिडून एन्क्रिप्शन चालू केलं. "झालं समाधान?" मी पुन्हा तपासलं. नवे पासवर्ड बंदिस्त झाले होते. आधीपासून साठवलेले मात्र तसेच उघडे. ते पुन्हा लिहिल्याशिवाय एन्क्रिप्ट होत नाहीत.

"आता आणखी काय?"

"जुने सगळे बदला. इतके दिवस उघडे होते ते. नवे टाका, मग मी परत बघते."

कुरकुर झाली, पण बदलले. मी नवा बॅकअप उघडला, एकही पासवर्ड वाचता आला नाही. तेव्हाच ओके दिलं.

पुढच्या प्रोजेक्टमधून माझं नाव वगळलं. संध्याकाळी निघताना जिन्याशी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे सगळ्यांना त्रास होतो."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि त्यांच्याआधी जिना उतरले.