कुलूपबाई

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना मुली पाठीमागे कुलूपबाई म्हणत. नव्याने आलेल्या मुली खोलीत घुम्यासारख्या बसून राहतात, म्हणून बाई रोज संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या खोल्यांना चक्क कुलपं लावत.

"जा, नाटकात जा, मैदानावर जा. भिंतींना कान असतात, गप्पा मारायला तोंड नसतं!"

अशा कितीतरी मुली माणसांत आल्या, आणि बाईंना त्याचा कोण अभिमान!

एकदा त्या वाळलेल्या चादरी काढायला गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीआड एक मुलगी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. तिला बाईंनीच बळेबळे नाटकाच्या गटात धाडलं होतं.

"अगं, तालमीला नाही गेलीस?"

"पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्याला सगळे हसले. तेव्हापासून इथेच बसते. खोलीला कुलूप असतं ना, बाई. रडायला तरी जागा हवी. परवा बाबा मला कायमचं न्यायला येताहेत."

बाई चादरी बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकल्या. दार बंद करायचं तेवढं आपल्याला सुचलं; पोरीचा हात धरून पुढच्या दारापर्यंत जायचं सुचलं नाही.

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. "खोली उघड, तोंड धू. वाटलं तर तालमीला जाऊ. मीही येते."

"तुम्हालाही हसतील."

"पाठीमागे हसतातच की!"

मुलगी किंचित हसली. "मग बाबांना येऊ नका म्हणू?"

"ते तूच ठरव, बाळ. तुझ्या वतीने मी फार ठरवलं," बाई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवेना.